ग्रीन कॉरिडॉर संपतो तिथून पुढे

मागच्या आठवड्यात जेवायच्या सुट्टीत टीममधल्या एका पोराने मोबाइल माझ्यासमोर धरला. "हे बघ ना, अंगावर काटा येतो एकदम."

व्हिडिओ नेहमीचाच. मोकळा केलेला रस्ता, पुढे पोलिसांची जीप, मागे सायरन वाजवत सुटलेली अँब्युलन्स, चौकाचौकात थांबवलेलं ट्रॅफिक, कडेला हात जोडून उभी असलेली माणसं. मागे कुठल्यातरी सिनेमाचं म्युझिक. आणि शेवटी मोठ्या अक्षरात: इतके किलोमीटर, इतक्या मिनिटांत, फुफ्फुसं पोचली, जीव वाचला!

टेबलावरच्या सगळ्यांनी "भारी", "मस्त" वगैरे केलं. मी काही बोललो नाही. डबा बंद केला आणि जागेवर जाऊन बसलो. त्या वेळी बोललो असतो तर भांडण झालं असतं. म्हणून हा शनिवार त्यासाठी राखून ठेवला.

माझा एक आतेभाऊ होता. आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणायचो. फुफ्फुसांना फायब्रोसिस झालेला. दोन वर्षं नाकाला नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन, आणि बाथरूमपर्यंत जाऊन आला की दहा मिनिटं बोलता यायचं नाही. मग एक दिवस परराज्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलातून फोन आला की फुफ्फुसं मिळताहेत. त्याच्यासाठीही असाच रस्ता मोकळा केला होता. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसकट बातमी होती. वहिनीने ते कात्रण अजून जपून ठेवलंय.

ऑपरेशन संपल्यावर सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, "ऑपरेशन उत्तम झालंय. आता पुढचे तीन दिवस बघायचे." आम्ही 'उत्तम' तेवढं ऐकलं. 'तीन दिवस' कुणी ऐकलंच नाही. फोनाफोनी झाली, पेढेसुद्धा आले. त्याच रात्री त्याचा ऑक्सिजन उतरायला लागला. सकाळचा एक्स-रे सगळा पांढरा. मग एक्मो मशीन. अकराव्या दिवशी अण्णा गेला.

नातेवाईकांत जे वाक्य फिरलं ते असं: "ऑपरेशन यशस्वी झालं, पण नंतर कॉम्प्लिकेशन झालं."

माझं सगळं भांडण या 'पण नंतर'शी आहे.

आधीच सांगतो, डॉक्टरांचं चुकलं असं मला म्हणायचं नाही. त्या टीमने अकरा दिवस जिवाचं रान केलं, मी ते डोळ्यांनी पाहिलंय. मी स्वतः डॉक्टर नाही, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. पण अण्णा गेल्यावर मी वाचायला लागलो आणि जे कळलं त्याने दुःखापेक्षा रागच जास्त आला. राग आपल्यावर. आपण काय मोजतो, कशाला टाळ्या वाजवतो आणि त्यापायी कशाकडे बघतच नाही, यावर.

तर मुद्दा असा. फुफ्फुस प्रत्यारोपणात सगळ्यात धोक्याचा क्षण रस्त्यावर नसतो. नवीन फुफ्फुस शिवून झालं, पल्मनरी आर्टरीवरचा चिमटा काढला आणि त्यात पहिल्यांदा रक्त शिरलं, तो असतो. ज्याची आपण डोळे लावून वाट बघत असतो, तो रक्तप्रवाहच नव्या फुफ्फुसाला जखमी करतो. डॉक्टर याला रीपर्फ्युजन इंज्युरी म्हणतात. ती हाताबाहेर गेली की त्या अवस्थेचं नाव प्रायमरी ग्राफ्ट डिसफंक्शन, म्हणजे पीजीडी. हे 'नंतर' होत नाही. ऑपरेशनच्या पोटातच त्याची सुरुवात होते.

आता हे होतं कसं?

फुफ्फुसात हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा जाडीला साधारण अर्धा मायक्रोमीटर, कित्येक ठिकाणी त्याहूनही कमी. असा पडदा पसरून ठेवला तर सत्तरेक चौरस मीटर भरेल. पुण्यातल्या टू बीएचकेच्या कार्पेट एरियाएवढा! आणि हृदयातून मिनिटाला निघणारं पाचेक लिटर रक्त, सगळंच्या सगळं, यातून जातं. रक्तवाहिन्यांना आतून एकाच थराचं पेशींचं अस्तर असतं, त्याला एंडोथेलियम म्हणतात. काय आत राहील आणि काय बाहेर झिरपेल, हे हे अस्तर ठरवतं.

फुफ्फुस काढून थंड केलं की पेशींमधले सोडियम-पोटॅशियमचे पंप मंदावतात. आत सोडियम साचतो, कॅल्शियम साचतो, ऊर्जेचा साठा उतरतो, अर्धवट जळलेला माल पडून राहतो. अस्तर पेशींचे सांधे धरून ठेवणारे रासायनिक निरोप कमी होतात. अशा अवस्थेत एकदम गरम, ऑक्सिजनने भरलेलं रक्त आलं की पडून राहिलेल्या मालातून ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात. अस्तराच्या पेशी आत दडवलेले चिकट रेणू काही मिनिटांत पृष्ठभागावर आणतात. त्यांना न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येऊन चिकटतात आणि शत्रू समजून मारा सुरू करतात. सांधे उघडतात, रक्तातलं पाणी आणि प्रथिनं वायुकोशांत झिरपतात. एक्स-रे पांढरा दिसतो तो यामुळे. माणूस स्वतःच्याच पाण्यात बुडायला लागतो.

आता यातली मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट. हृदय किंवा मूत्रपिंड यांचं रक्त थांबलं की त्यांचा ऑक्सिजनही थांबतो. फुफ्फुसाचं तसं नाही. ते हवेने फुगवूनच नेतात, म्हणजे वायुकोशांत ऑक्सिजन असतोच. मग अस्तर बिघडतं का? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या ऍरन फिशर यांच्या गटाने वर्षानुवर्षं या एका प्रश्नाचा पिच्छा पुरवला. त्यांना असं दिसलं की या पेशींना प्रवाह थांबल्याचंच कळतं. अंगावरून वाहणाऱ्या रक्ताचं घर्षण थांबलं की त्यांच्या पडद्यावरचे काही पोटॅशियम चॅनल बंद होतात, विजेचा समतोल ढळतो, आणि हाताशी असलेल्या ऑक्सिजनपासूनच त्या पेशी उपद्रवी रेणू बनवायला लागतात. म्हणजे रक्त पुन्हा सुरू व्हायच्या आधीच कुरबुर सुरू झालेली असते. ऑक्सिजनची तहान नसतानाही, नुसतं वाहणं थांबलं म्हणून!

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे समजायला खरं तर अवघड जाऊ नये. वीज गेली, सगळे सर्व्हर पडले, वीज आली. मग कुणीतरी उत्साही प्राणी सगळं एकदम चालू करतो. कॅश रिकामी, डेटाबेस अर्धवट जागा, आणि अडकून राहिलेल्या लाखभर रिक्वेस्ट एका क्षणात अंगावर. मशीन वीज गेल्यामुळे मरत नाही, ते वीज आल्यामुळे मरतं. ज्याने एकदा रात्री तीन वाजता हे भोगलंय तो पुन्हा कधी शंभर टक्के ट्रॅफिक एकदम सोडत नाही. आधी पाच टक्के, मग दहा, मग बघू.

आणि आयटी कशाला? आमच्या गावाकडे कोरड्या कालव्याला आवर्तन सोडताना कुणी गेट एकदम उचलत नाही. तडकलेल्या भरावातून कालवा फुटतो, हे शाळा न शिकलेल्या माणसालाही माहीत असतं. तीन दिवस उपाशी असलेल्या माणसाला पहिल्या घासाला पुरणपोळी वाढत नाहीत, पेज देतात. जे कालव्याबद्दल आणि पोटाबद्दल आपल्या आज्यांना कळत होतं, ते फुफ्फुसाबद्दल जगाला वळायला किती वेळ लागला, ते बघा.

उसना कोड, उसना बर्फ

फुफ्फुस काढताना त्यातलं रक्त थंड द्रावणाने धुऊन काढतात. बरीच वर्षं हे द्रावण होतं यूरो-कॉलिन्स. त्याचं मूळ कॉलिन्स यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्रावणात, आणि ते होतं मूत्रपिंडासाठी! त्यात पोटॅशियम लिटरला ११५ मिलिमोलच्या आसपास. आपल्या रक्तात असतं चारेक. एवढं पोटॅशियम अंगावर आलं की फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे जे अस्तर जपायचं त्यालाच पहिला तडाखा. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये आणि मग टोरोंटोत प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसलं की कमी पोटॅशियम आणि डेक्स्ट्रान असलेलं द्रावण फुफ्फुसाला कितीतरी जास्त मानवतं. डेक्स्ट्रान पाणी वाहिनीतच धरून ठेवतं आणि तांबड्या पेशींच्या गुठळ्या होऊ देत नाही. तरी मूत्रपिंडाचं द्रावण १९९० च्या दशकात सर्रास चालूच होतं. कारण? चालतंय ना, मग कशाला हात लावा! दुसऱ्या प्रोजेक्टमधून कॉपी-पेस्ट केलेला कोड कुणी काढत नाही, तसंच.

पण याहून मोठा किस्सा बर्फाचा आहे.

अवयव म्हटला की बर्फाची पेटी, ४ अंश. हे इतकं अंगवळणी पडलंय की सिनेमातसुद्धा तीच पेटी दिसते. आता ऐका. १९९२ मध्ये हिरोशी दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अमेरिकेत सेंट लुइसला, कुत्र्यांच्या फुफ्फुसांवर प्रयोग करून छापलं की ४ अंशांपेक्षा १० अंशांवर ठेवलेली फुफ्फुसं जास्त चांगली राहतात. १९९२! माणसाच्या फुफ्फुसांवर हे पद्धतशीर वापरून बघायला पुढची जवळपास तीस वर्षं गेली. २०२१ मध्ये टोरोंटोच्या गटाने दाखवलं की १० अंशांवर पेशींमधले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे त्यांची वीजकेंद्रं, बर्फापेक्षा धडधाकट राहतात. डुकरांची फुफ्फुसं ३६ तास ठेवूनही कामाची राहिली. २०२३ मध्ये टोरोंटो, व्हिएन्ना आणि माद्रिद यांनी मिळून ७० रुग्णांचा अनुभव छापला. फुफ्फुसं रात्रभर १० अंशांवर ठेवली, सकाळी ताज्यातवान्या टीमने ऑपरेशन केलं, आणि निकाल नेहमीच्या पद्धतीपेक्षा वाईट आले नाहीत.

(प्रामाणिकपणे सांगायचं तर या अभ्यासाने '१० अंश श्रेष्ठ' हे सिद्ध केलं नाही, 'वेळ वाढवला तरी सुरक्षित' एवढंच दाखवलं. तेवढंही माझ्या भांडणाला पुरेसं आहे.)

तीस वर्षं का गेली? बर्फ कुठेही मिळतो आणि स्वस्त आहे. १० अंश धरून ठेवायला नेमकं यंत्र लागतं. हे एक कारण. दुसरं कारण माझ्या मते आपल्या डोक्यातलं घड्याळ. सगळ्यांनी धरून ठेवलं की प्रश्न वेळेचा आहे. मग उत्तरही वेळेतच शोधायचं: विमान लवकर, गाडी जोरात, सिग्नल बंद. फुफ्फुस कोणत्या अवस्थेत पोचतंय आणि पोचल्यावर त्याला जागं कसं करायचं, हा प्रश्न मागच्या बाकावर.

कंटाळवाण्या गोष्टींची यादी

आपल्याला दोनच गोष्टी आवडतात: धावपळ आणि जादूची गोळी. गोळीचे प्रयत्नही भरपूर झाले. उदाहरण एकच देतो. नायट्रिक ऑक्साइड हा वायू श्वासातून दिला की फुफ्फुसाच्या वाहिन्या सैलावतात. कागदावर याच्याइतकं सुंदर उत्तर नाही. जखमी अस्तरात नेमकं तेच कमी पडलेलं असतं. टोरोंटोत ८४ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून, कुणाला काय दिलं हे लपवून, चाचणी घेतली. २००३ मध्ये निकाल आला: सरसकट सगळ्यांना सुरुवातीपासून दिल्याने काही फरक पडत नाही. अडचणीत आलेल्या एखाद्या रुग्णाला त्याचा उपयोग होतो, ते वेगळं. पण जादू नाही.

मग काय आहे? कंटाळवाण्या गोष्टी आहेत. व्हिडिओ बनणार नाही अशा.

१९९६ मध्ये इंग्लंडमधल्या एका गटाने उंदरांच्या फुफ्फुसांवर दाखवलं की रक्त सुरू झाल्यावरची पहिली दहा मिनिटं निर्णायक असतात. तेवढा वेळ दाब कमी ठेवला तर पुढची बरीच इजा टळते. म्हणून अनेक सर्जन चिमटा एकदम काढत नाहीत, दहा-दहा मिनिटं घेत हळूहळू सैल करतात. खर्च किती? शून्य. लागतो तो संयम. आणि मला विचाराल तर यावर मोठ्या चाचण्या न होण्याचं कारणही तेच असावं: संयमाचं पेटंट मिळत नाही.

दुसरी गोष्ट ऑक्सिजन. अमेरिकेतल्या १० केंद्रांतल्या १,२५५ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. त्यात ४८ किंवा ७२ तासांना सगळ्यात तीव्र, म्हणजे ग्रेड ३ चा पीजीडी असलेले २११ निघाले. म्हणजे दर सहांत एक. त्यांचा ९० दिवसांतला मृत्यूचा धोका इतरांच्या जवळपास पाचपट. आणि हा धोका कशाकशाशी जोडलेला दिसला? दात्याचं धूम्रपान, रुग्णाचा लठ्ठपणा, हार्ट-लंग मशीनचा वापर, आणि रक्त सुरू करताना श्वासातून दिलेला जास्तीचा ऑक्सिजन! संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, हे मान्य. पण 'ऑक्सिजन द्या, जास्त द्या' ही आपली सहज प्रवृत्ती त्या दहा मिनिटांत उलटू शकते, एवढा इशारा त्यातून नक्की मिळतो.

तिसरी गोष्ट रक्ताचं प्रमाण. दोन्ही फुफ्फुसं बदलताना एक आधी बसवतात, मग दुसरं काढतात. मधल्या वेळात हृदयाचा सगळा प्रवाह एकट्या, नुकत्या जाग्या झालेल्या नव्या फुफ्फुसातून जातो. पहिल्याच दिवशी जॉइन झालेल्या पोराच्या अंगावर सगळं प्रॉडक्शन! व्हिएन्नाच्या टीमने यावर ऑपरेशनच्या वेळीच एक्मो लावण्याचा रिवाज पाडला. म्हणजे काही रक्त बाहेरून वळवायचं आणि नव्या फुफ्फुसाला मोजून द्यायचं.

आणि चौथी गोष्ट म्हणजे शरीराबाहेर फुफ्फुस जागं करणं. स्वीडनमध्ये लुंड इथे स्टीग स्टीन यांनी हे माणसात २००० च्या सुमारास प्रथम करून दाखवलं, टोरोंटोने ते तासन्तास चालणारं केलं. फुफ्फुस काचेसारख्या पारदर्शक घुमटाखाली ठेवतात. द्रावण सोडतात ते मिनिटाला फक्त १५० मिलिलिटरने, तेही खोलीच्या तापमानाचं. मग अर्ध्या तासात हळूहळू ३७ अंश. ३२ अंशांच्या पुढे गेल्यावर पहिला श्वास. प्रवाह वाढवत नेला तरी पूर्ण हृदयाच्या प्रवाहाच्या ४० टक्क्यांवर थांबायचं. २०११ मध्ये त्यांनी छापलेल्या अभ्यासात शंकास्पद वाटणारी २३ फुफ्फुसं अशी चार तास तपासून २० बसवली. ७२ तासांना पीजीडी १५ टक्के, आणि नेहमीच्या चांगल्या फुफ्फुसांत ३०. रुग्ण कमी असल्याने हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. तरी नको म्हटली गेली असती अशी फुफ्फुसं चांगल्यांपेक्षा वाईट वागली नाहीत, ही केवढी गोष्ट आहे!

आपल्या भाषेत हे स्टेजिंग एन्व्हायर्नमेंट. फक्त एक लक्षात ठेवा, उपमा इथे संपते. आपल्याकडे डिप्लॉयमेंट फसलं तर रोलबॅक असतो. अण्णाला नव्हता.

"पण वेळ महत्त्वाचा नाही का?"

आहे. बर्फात फुफ्फुसाला सहा ते आठ तास एवढीच मुदत धरतात, आणि पुण्या-मुंबईचं ट्रॅफिक मला नवीन नाही. २००८ मध्ये चेन्नईत एका तरुणाचं हृदय असं मोकळ्या केलेल्या रस्त्याने गेलं, त्यावर २०११ मध्ये 'ट्रॅफिक' हा मल्याळम सिनेमा निघाला, आणि त्यातून देशाला अवयवदान समजलं. पोलिसांबद्दल, ड्रायव्हरबद्दल, आणि सगळ्यात जास्त त्या दात्याच्या घरच्यांबद्दल मला आदरच आहे. आपलं माणूस गेल्याच्या रात्री होकार देणं म्हणजे काय असतं याची मी कल्पनाही करू शकत नाही.

पण नेमकं म्हणूनच विचारतो. त्यांनी एवढं दिल्यावर आपली जबाबदारी हॉस्पिटलच्या गेटपाशी संपते का? वीस मिनिटं वाचवल्याची बातमी होते, पण ती वाचवलेली मिनिटं पहिल्या दहा मिनिटांत सांडली की नाही, हे कुणी विचारत नाही. आणि गंमत बघा, १० अंशांचं तंत्र रुळलं तर कित्येकदा रात्रीची जीवघेणी धावपळच नको. फुफ्फुस यावं, थांबावं, सकाळी झोप झालेल्या माणसांनी ते बसवावं. व्हिडिओ मात्र भिकार होईल: एक पेटी, एक थर्मामीटर, आणि शेजारी कुणीही पळत नाहीये.

"हे सगळं कॅनडात ठीक आहे, आपल्याला परवडतं का?" हा दुसरा प्रश्न. शरीराबाहेरचं मशीन महाग आहे, मान्य. पण चिमटा सावकाश सोडायला पैसे लागत नाहीत. ऑक्सिजन गरजेपुरता ठेवायला उलट कमी लागतो. तापमान धरून ठेवणारी पेटी चार्टर विमानाच्या फेऱ्यांपेक्षा महाग पडेल असं मला वाटत नाही. आणि नोंद ठेवायला? एक एक्सेल शीट!

माझी मागणी शेवटी तिथेच येते. आंतरराष्ट्रीय संघटनेने २००५ मध्ये पीजीडीच्या पायऱ्या ठरवून दिल्या, २०१६ मध्ये त्या सुधारल्या. एक्स-रे आणि रक्तातल्या ऑक्सिजनचं एक साधं गुणोत्तर, ७२ तासांपर्यंत ठरावीक वेळांना मोजायचं. ० ते ३ यातला एक आकडा मिळतो. अमेरिकेत एसआरटीआर नावाची यंत्रणा प्रत्येक केंद्रातले किती रुग्ण वर्षभर जगले हे जाहीर करते, कुणीही घरबसल्या बघावं. आपल्याकडे नोटो दरवर्षी किती प्रत्यारोपणं झाली ते सांगते. छान. पण किती ऑपरेशनं झाली हा विक्रीचा आकडा झाला. मला केंद्रवार हवंय: ७२ तासांना ग्रेड ३ किती, ९० दिवसांनी हयात किती, वर्षाने किती. अवघड रुग्ण घेणाऱ्या केंद्रांवर अन्याय होऊ नये म्हणून रुग्णांच्या गंभीरतेचा हिशेब त्यात धरा, जरूर धरा. पण आकडा दाखवा. जे मोजत नाहीत ते सुधारत नाही, हे आपल्याला दर तिमाहीच्या रिव्ह्यूत ऐकवतात ना? मग तेच इथे लावा.

आणि तुमच्या-माझ्यासाठी. उद्या आपल्या घरात कुणावर ही वेळ आली (न येवो), तर "फुफ्फुसं कधी पोचणार?" यासोबत आणखी तीन प्रश्न विचारा. रक्त सुरू करताना तुम्ही काय काळजी घेता? तुमच्याकडे ७२ तासांना ग्रेड ३ किती जणांना होतो? झाला तर एक्मो इथेच आहे का? चांगली टीम या प्रश्नांनी चिडणार नाही. उलट कुणीतरी योग्य ते विचारतंय म्हणून बसून समजावेल. आम्ही विचारलं नाही. विचारून अण्णा वाचला असता असं मी म्हणत नाही, कदाचित नसताच वाचला. पण निदान पेढे वाटले नसते, आणि ते तीन दिवस आम्ही खऱ्या अर्थाने त्याच्यासोबत जागलो असतो.

मागच्या दिवाळीत वहिनीकडे गेलो होतो. ते कात्रण तिने देवाच्या कपाटात ठेवलंय. म्हणाली, "किती लोक थांबले होते रे त्याच्यासाठी रस्त्यावर." मी हो म्हणालो. तिला ही असली पोस्ट दाखवायची माझी हिंमत नाही. लोक थांबले होते हे खरंच आहे, आणि ते तिच्यापाशी तसंच राहू दे.

पण तुम्ही त्या पोरासारखा व्हिडिओ फॉरवर्ड करणार असाल, तर खाली एक ओळ टाइप करा: "तीन दिवसांनी काय झालं?"

उत्तर आलं तर मलाही पाठवा.